उपाशी सुनेची गोष्ट

निजामाच्या अमलात धारूरला बायनाबाई नावाची विधवा होती. दुपारी सुंदरराव पाटलांच्या अंगणात ती इतर बायकांबरोबर मिरच्यांचे देठ खुडे आणि त्यांना स्वतः रचलेल्या भुताच्या गोष्टी सांगे. उलट्या पायांच्या हडळीला बायका आताशा हसू लागल्या होत्या. बायनाबाईला ते खुपलं. मग तिनं नवी गोष्ट रचली. तीत उपाशी मेलेली सून रोज जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसते आणि एवढंच विचारते, "माझं ताट वाढलं का?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. घरी गेल्यावर दोघीतिघींनी सुनांना आधी वाढलं.

ते पाटलांच्या कानावर गेलं. "बायनाबाई, गोष्टीच्या शेवटी देवरुषी आण अन् त्या सुनेला झाडाला खिळव. न्हाईतर उद्यापासून कामाला येऊ नको."

"तिला खिळवली की बाया निवांत झोपतील, पाटील. मग गोष्टीत भ्यायचं काय ऱ्हायलं? आन् ती भुकेली हाय. भुकेल्या जिवाला खिळे कशापायी मारायचे?"

"लई बोलतीस."

"गोष्ट सांगनारीनं बोलू न्हाई तर काय करावं?"

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. आपल्याच ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली. काम आटोपून बायका थेट तिच्याकडे आल्या, मिरच्यांनी झोंबणारे हात फुंकत.

बायनाबाईनं तीच गोष्ट सांगितली. बदल एकच केला. सून आता दाराशी बसत नव्हती. ती ओसरीवर, घरधन्याच्या ताटासमोर येऊन बसत होती.