कमरेपर्यंत पाणी

माझ्या थोरल्या भावाला गावात सगळे कंबरसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं साहेब. बावीस वर्षं तो तळ्याकाठचा निरीक्षक आहे आणि एवढ्या काळात त्याने लोकांच्या कमरा सोडून दुसरं काही धड निरखलेलं नाही. आमच्या काठाचा नियमच तसा. उघड्यावर नागडं दिसणं हा गुन्हा. पण पाणी कमरेच्या वर असेल तर पाण्यालाच कपडा समजायचं. कंबर पाण्याबाहेर आली की गुन्हा सुरू. म्हणून दादा रोज सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश आणि पॉलिश केलेले बूट चढवतो, गळ्यात दुर्बीण अडकवतो, सरकारी चादर काखोटीला मारतो आणि काठावर जाऊन उभा राहतो. माणूस सापडला की आधी चादर द्यायची, मग नाव विचारायचं, मग नोटीस फाडायची. इतरांना नागडं माणूस दिसू नये म्हणून दिवसभर नागडी माणसं शोधायची, याचा माझ्या भावाला पगार मिळतो. निवृत्तीनंतर पेन्शनही मिळेल.

तळ्याचा पलीकडचा काठ दुसऱ्या नगरपालिकेचा. मध्ये लाल पिंपांची रांग तरंगत ठेवली आहे, ती हद्द. पिंपांच्या पलीकडे माणसं कपड्यांशिवाय पोहतात, वाळूवर पालथी पडून पेपर वाचतात, आणि कायदा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दादा मात्र बघतो. पलीकडच्या काठाचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा नकाशा आहे. त्यावर तीन रंगांच्या टाचण्या आणि खाली टेबलावर एक जाड वही. कुठे काय चालतं याची ती वही. जेवताना तो ती आम्हाला ऐकवायचा. एका ठिकाणी म्हणे कुणी तक्रार केली तरच गुन्हा. तक्रार नाही तर खुशाल फिरा. दुसरीकडे पाठ चालते, पोट चालत नाही. डोंगराकडच्या एका गावात पुरुष उघड्या छातीने बाजारात आला तर हाकलून देतात, आणि तिथून दोन तासांवर बायाबाप्ये एकाच गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात. दादा हे सगळं इतक्या चवीने सांगायचा की वहिनी मान खाली घालून वाढत राहायची.

मी एकदा विचारलं, "दादा, सगळीकडे माणसाचं शरीर तर एकच ना?"

"शरीराचा प्रश्नच नाही," तो घास चावत म्हणाला. "प्रश्न हद्दीचा आहे."

मी औषधांच्या दुकानात काम करते. दुसऱ्या दिवशी मी हे वाक्य त्याच्याच आवाजात काउंटरवर करून दाखवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. मला माझ्या भावाची कीव येत नाही, त्याचा तिटकारा येतो, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटलेली नाही.

मग अप्पांचं सुरू झालं. आमचे वडील इस्त्रीवाले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांवरून गरम इस्त्री फिरवली. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांची आठवण गळायला लागली. आधी आमची नावं गेली, मग जिना कुठे ते गेलं, आणि एक दिवस अंगावर कपडे कशाला घालतात तेही गेलं. घडी मात्र गेली नाही. ते शर्ट काढायचे, वरून दुसरं बटण लावायचे, बाह्या मागे वळवायचे, कॉलर बोटांनी दाबून बसवायचे. पँट शिवणीला शिवण जुळवून. मग तो गठ्ठा खुर्चीवर ठेवून आपण नागवे शांतपणे खिडकीशी उभे राहायचे, गिऱ्हाइकाची वाट बघत.

दादाने त्यांच्या शर्टांची बटणं पाठीमागे लावून घेतली. तेही जमेना, तेव्हा खोलीला बाहेरून कडी आली. खिडकीच्या काचेला त्याने जुने पेपर चिकटवले. आमच्या काठाच्या नियमात आजारी माणसाला सूट आहे. डॉक्टरचा दाखला दिला की नोटीस निघत नाही. पण सूट मिळालेल्यांची नावं कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागतात.

"माझ्या बापाचं नाव त्या फळ्यावर?" दादा म्हणाला. "उद्या लोक माझ्या तोंडावर हसतील."

"ते पाठीमागे हसतातच," मी म्हणाले. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

कडीच्या आतून अप्पा एकच गोष्ट विचारायचे. "तळ्यावर कधी जायचं?" सुट्टीच्या दिवशी ते आयुष्यभर तळ्यात पोहलेले. मला पोहायला त्यांनीच शिकवलं; दादाला शिकवायला गेले तर तो काठावरच रडत बसायचा. डॉक्टरांनी हृदय तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढचा उन्हाळा काही धरू नका. तेव्हा मी ठरवलं की जे काय व्हायचं ते होवो, अप्पांना एकदा पाण्यात उतरवायचं. इथे नाही तर तिथे.

दादा कामावर गेला आणि मी कडी काढली. वहिनीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दादाच्या पहाऱ्यापासून लांबच्या धक्क्यावरून भाड्याची होडी केली; होडीत अप्पा हात पाण्यात बुडवून बसले होते. उन्हाळा नुकता लागला होता, पाणी अजून गारच होतं. पलीकडे उतरल्यावर वाळूवर एक दोरी बांधलेली, आणि दोरीपाशी तिथला रखवालदार. अंगावर डोक्यातली टोपी आणि गळ्यातली शिट्टी, बाकी काही नाही. मी त्याच्या टोपीकडे बघत बोलले.

"कपडे घालून आत येता येत नाही, ताई," तो म्हणाला. "लोक नुसते बघायला येतात, म्हणून नियम आहे. कपडे इथे ठेवा, नाहीतर दोरीबाहेर थांबा."

"मी मुलगी आहे त्यांची. त्यांना कळत नाही काही. सोबत कुणीतरी हवं."

"मग तर या की आत. इथे कुणी कुणाकडे बघत नाही."

अप्पांनी तोवर शर्टाची घडी घालून ठेवली होती. मी त्यांच्याकडे बघितलं, वाळूवर पडलेल्या त्या माणसांकडे बघितलं, आणि माझा हात माझ्याच गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. काय मूर्ख नियम, असं मी मनात म्हटलं. कपडे घातले म्हणून बंदी! यांच्यात आणि आमच्या कंबरसाहेबात फरक तो काय? असा विचार करून मला फार बरं वाटलं. मी रखवालदाराला म्हणाले, "जरा लक्ष ठेवा, पोहतात ते छान, मला पोहायला यांनीच शिकवलं," आणि दोरीबाहेर घड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले.

अप्पा पाण्यात शिरले आणि पोहायला लागले. नावं विसरलेला, जिना विसरलेला माणूस हात कसा मारायचा ते विसरला नव्हता. मला रडू आलं. थोडा वेळ ते काठाकाठाने पोहले. मग त्यांना समोर आमचा काठ दिसला असावा. आयुष्यभर पोहून झाल्यावर ज्या काठाला बाहेर पडायचं, तोच. ते तिकडे वळले. मी हाका मारल्या. पिंपं ओलांडून ते गेले. रखवालदाराने शिट्टी फुंकली, टोपी वाळूवर फेकली आणि त्यांच्या मागे उडी घेतली. मी गठ्ठा छातीशी धरून होडीकडे धावले.

होडीतून मला सगळं दिसत होतं. अप्पा आमच्या काठाला लागले आणि उभे राहिले. पाणी बरोबर कमरेपर्यंत. काठावर तीसचाळीस माणसं, आणि त्यांच्या पुढे दादा, दुर्बीण डोळ्यांना लावून.

"अप्पा!" तो ओरडला. "तिथेच थांबा! एक पाऊल पुढे टाकू नका!"

कुणाचं काही न ऐकणारे अप्पा त्या आवाजाला थांबले. दादाच्या काखेत चादर होती. चार पावलं पाण्यात गेला असता तर काम झालं असतं. बूट भिजले असते, एवढंच. पण अप्पा पुढे आले तर गुन्हा होणार होता आणि मग बापाचं नाव विचारून लिहावं लागणार होतं. म्हणून त्याने फोन काढला आणि कार्यालयाला विचारलं, दाखला नसेल तर घरच्या माणसाला सूट देता येते का. वरचे साहेब जेवायला गेले होते, असं काठावरच्यांनी मला नंतर सांगितलं. दादा थांबला. अप्पाही थांबले, दोन्ही हात छातीशी धरून, गार पाण्यात थरथरत. पाच-सात मिनिटं तरी ते तसे उभे होते. त्या तीसचाळीस जणांपैकीही कुणी हललं नाही. सगळे साहेबांचा फोन संपायची वाट बघत होते.

शेवटी रखवालदार पोहत पोहोचला. त्याने अप्पांच्या काखेत हात घातला आणि त्यांना सरळ बाहेर आणलं. दादाच्या काखेतली चादर ओढून घेऊन अप्पांभोवती गुंडाळली. एक सरकारी नोकर बूट घातलेला आणि एक शिट्टी घातलेला, असे दोघे समोरासमोर उभे राहिले. मी होडीतून उतरून पोहोचले तेव्हा दादा नोटिसांचं पुस्तक काढून रखवालदाराला विचारत होता, "नाव? हुद्दा?"

अप्पांना त्याच संध्याकाळी ताप भरला. छाती भरून आली. नवव्या दिवशी ते गेले. दादाने त्यांना गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घातला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, "अप्पांच्या नावावर एक नोटीस नाही. मी होऊ दिली नाही." मी स्वयंपाकघरातून ते ऐकायची आणि मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं. जो येईल त्याला मी पण माझं सांगत होते: पाण्यात चार पावलं, आणि कोरडे बूट. लोक माना हलवायचे.

दोन आठवड्यांनी दारात एक माणूस आला. शर्ट, पँट, चपला. मी त्याला ओळखलंच नाही. दादाने त्याच्या नावाने फाडलेली नोटीस त्याने दंडाच्या पैशांसकट पुढे केली तेव्हा कळलं. दादाने ती घेतली, दंड भरल्याचा शिक्का मारून परत दिली. रखवालदाराला अप्पांचं कळलं नव्हतं. मी सांगितलं, आणि सांगता सांगता चार पावलांपर्यंत आले.

त्याने शिक्का मारलेला कागद खिशात घातला. मग मला म्हणाला, "पोहता येतं ना तुम्हाला, ताई? त्या दिवशी दोरीपाशी म्हणालात, मला पोहायला यांनीच शिकवलं. तुम्ही आत असतात तर ते तिकडे गेलेच नसते. तुमच्या हाकेसरशी वळले असते."

"आत यायचा नियम नव्हता," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "नियम नव्हता."

तो गेला. दादा अजून टेबलाशीच होता, हातात शिक्का. त्याने वर माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. कार्यालयात शेजारी बसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मग पायाने त्याने समोरची खुर्ची थोडी मागे सरकवली, मला बसायला.