हातातच राहिलेला बाण

तिचं नाव सुई पाडलं लाँड्रीतल्या बायकांनी. एक तर अंगकाठी तशी, आणि तोंड उघडलं की टोचायची. इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असला माल त्या लाँड्रीत यायचा. सुई घडीच्या टेबलाशी होती. दोघींनी चादरीची चार टोकं धरायची, झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचं, की घडी तयार. दिवसभर असं एकमेकींकडे चालत राहिल्यावर भांडणं टिकत नाहीत, असं तिथल्या मोठ्या बाई म्हणायच्या. सुईची मात्र टिकायची.

घरी ती आणि आई. वडील फार आधीच गेलेले. त्यामुळे वडिलांकडून जे मिळायला हवं ते सगळं तिला मामाकडून मिळालं, त्यात डार्ट्सही आलं, भिंतीवरच्या गोल बोर्डावर नेम धरून टोकदार डार्ट मारायचा तो खेळ.

मामा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती. आत जुन्या मोटारी, तारांची भेंडोळी, ग्रीसचे डबे, आणि समोरच्या फळीवर टांगलेला गोल बोर्ड. त्या भागातल्या क्लबांच्या सामन्यांत मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. "मग पुढे का गेला नाहीस?" असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मी गेलो आणि इकडे कुणी लिफ्टमध्ये अडकलं, तर त्याला काय बाण टाकून खाली उतरवू?" तो डार्टला बाणच म्हणायचा. सुईही मग तेच म्हणायला लागली.

शिकवताना मामा फार बोलायचा नाही. "फेकू नकोस गं. सोड. तो निघालेलाच असतो, आपण फक्त वाट द्यायची," एवढंच त्याचं सगळं शास्त्र. सुई दहावीत असतानाच त्याला हरवायला लागली. पहिल्यांदा हरला तेव्हा मामा शेडच्या दारात जाऊन ओरडला, "अगं ए, बाहेर ये, कार्टीनं माझं नाक कापलं!" आणि मामी ओल्या हातांनी बाहेर आली, तर हा पठ्ठ्या नाक कापल्याच्या आनंदात नाचत होता.

व्यावसायिक खेळाडू व्हायचं तर परवाना लागतो. तो मिळवायला वर्षातून एकदा निवडीचे सामने होतात. शेकडो जण येतात आणि मूठभरांच्या हाती काही लागतं. सुई गेली, सोबत मामा गेला. शेवटच्या दिवशी तिचा निर्णायक सामना सुरू झाला आणि मामाला काही पाहवेना. तो चहा आणायला म्हणून बाहेर पडला आणि कॉरिडॉरमध्ये दोन पेले हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुई बाहेर आली. तिचा चेहरा बघून त्याला काही कळेना, कारण ती जिंकली तरी हरल्यासारखीच दिसायची.

"बोल की!"

"मिळाला," ती म्हणाली. चहा दोघांच्याही बुटांवर सांडला.

परवाना दोन वर्षांचा होता. तेवढ्यात क्रमवारीत वर चढायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. सुईनं लाँड्री सोडली. मोठ्या बाईंनी तिचा एप्रन घडी करून कपाटात ठेवला. "जा बाई," त्या म्हणाल्या. "माणसं चादरी मळवायची थांबत नाहीत. आमचं काम कुठे पळून जात नाही."

तिला वाटलं होतं व्यावसायिक सामने म्हणजे दिवे, माणसं, आरडाओरडा. प्रत्यक्षात बहुतेक सामने गोदामासारख्या हॉलमध्ये व्हायचे. बोर्डांची रांगच्या रांग, मधे पातळ फळ्या, प्रेक्षक नावालाही नाहीत. सगळीकडून गारा पडल्यासारखा ठकठक आवाज. पाठीवर नाव छापलेले शर्ट घातलेले मोठाले पुरुष, आणि त्यांच्यात ही काडी. सकाळी हरलं की दिवस संपला. मग बसची वाट बघत बॅगेवर बसायचं. भाड्याच्या खोल्यांत ती किटलीतच अंडी उकडायची आणि पावाबरोबर खायची. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "भरपेट." दोघींनाही ते खोटं ठाऊक असायचं.

पहिले काही महिने ती पहिल्याच फेरीत हरत राहिली. मग एकदा जिंकली, पुन्हा जिंकली, आणि हात बसला. वर्ष सरता सरता तिचं नाव एका मोठ्या स्पर्धेत लागलं, टीव्हीवर दाखवतात तसल्या. समोर कोण, तर माजी विजेता. खेळाडूंत त्याला सगळे दाढीवाला म्हणायचे. सामना दुपारचा होता. लाँड्रीत मोठ्या बाईंनी इस्त्रीच्या मशीनवर टीव्ही ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळात काम थांबवलं.

सुई त्या दिवशी अशी खेळली की दाढीवालाच दोनदा मान हलवून हसला. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, पाचशे एक गुणांपासून उतरत उतरत शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या पट्टीतच बसवावा लागतो. त्या पट्टीला डबल म्हणतात, आणि ती बोटाएवढीही रुंद नसते. शेवटच्या डावात सुई तिथवर पोचली. हातात तीन बाण. एक बसला की सामना तिचा.

पहिला तारेला लागून बाहेर गेला. दुसरा जरा वर. तिसऱ्यासाठी तिनं हात मागे घेतला, पुढे आणला, आणि बोटं उघडलीच नाहीत.

तिनं हात खाली घेतला. तळवा पँटला पुसला. पुन्हा हात मागे, पुन्हा पुढे. बाण हातातच. लोकांना वाटलं नेम धरतेय. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मागून कुणीतरी हसलं, कुणी शिट्टी मारली. चौथ्यांदा तिनं बाण जवळजवळ झटकून टाकला. तो बोर्डाच्या खाली भिंतीवर आपटला आणि जमिनीवर पडला. दाढीवाला पुढे आला, त्यानं आपलं काम शांतपणे उरकलं आणि हात मिळवताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "सांभाळ, पोरी."

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून जो तो तिची समजूत घालत होता. कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर सोबत आलेल्या मामानं मात्र हळूच विचारलं, "बोटं उघडत नव्हती ना?"

"नव्हती."

"बरं," मामा म्हणाला. क्लबातल्या एका प्लंबरची बोटं त्यानं अशीच अडकताना पाहिली होती. त्याचा हात कधीच परत आला नाही. पण हे तो त्या दिवशी बोलला नाही. "दमलीस. जाईल ते," एवढंच म्हणाला, आणि तिची बॅग उचलली.

ते गेलं नाही. पुढच्या आठवड्यात शेडमध्ये दर दहा बाणांत एखादा अडकायचा. मग तीन-चार. मग एक दिवस ती अर्धा तास बोर्डासमोरच्या रेषेवर उभी होती आणि बोर्ड कोराच राहिला.

डॉक्टर झाले. त्यांनी नसा तपासल्या, बोटं वाकवली, छोट्या हातोडीनं कोपरावर ठोकलं. "हाताला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले.

"मग कुणाला झालंय?" सुईनं विचारलं. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं पोरगी विनोदी आहे.

मग ज्याला जे सुचेल ते. लाँड्रीतली एक म्हणाली, गरम पाण्यात हात धर. दुसरी म्हणाली, बर्फात. तिसरी म्हणाली, गाणं म्हणत टाक. सुईनं गाणं म्हटलं. गाणं संपलं, बाण हातातच. आई म्हणाली, "डोळे मिटून टाकून बघ." तो मात्र सुटला, आणि शेडच्या उघड्या दारातून जाऊन मामीच्या वाळत घातलेल्या गाऊनमध्ये घुसला. "आता बोर्ड पुरेना म्हणून माझ्या कपड्यांवर आलात होय?" मामी बाहेरून ओरडली. त्या दिवशी सगळीच पोट धरधरून हसली. त्यानंतर त्या शेडमध्ये तसं कुणी हसलं नाही.

गंमत म्हणजे बाकी सगळं तिच्या हातून सुटायचं. किल्ल्या, चेंडू, मामाकडे फेकलेलं सफरचंद. फक्त समोर बोर्ड आणि बोटांत बाण आला की हात जणू परक्याचा व्हायचा. डाव्या हातानं करून बघितलं. महिनाभरात डावा हातही तेच शिकला.

परवाना होता, म्हणून ती सामन्यांना जात राहिली. हरायला बसनं सहा-सहा तास जायचं, याला वेडच म्हणायला हवं. पण घरी बसून काय करायचं तेही तिला कळत नव्हतं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की सराव करताना तिच्या शेजारचे बोर्ड रिकामे राहतात. ती रेषेवर आली की माणसं मोबाइल काढतात, बुटाचे बंद बांधतात, छताकडे बघतात. एकदा समोर एक वयस्कर खेळाडू आला, केस पिकलेला, सज्जन. सामन्याआधी तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळ, राग मानू नकोस. तुझी पाळी असताना मी पाठ करून उभा राहीन. हे बघून बघून लागतं म्हणतात. माझं घर यावरच चालतं गं."

"राहा ना," सुई म्हणाली. आणि तो सबंध सामना तिनं त्याच्या पाठीवरचं नाव वाचत काढला.

हे तिनं मामाला सांगितलं. मामा भडकला. "उंटावरचे शहाणे सगळे! हा काय सर्दी-पडसं आहे लागायला?" आणि मुद्दाम तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहायला लागला. रविवारची सकाळ त्यानं तिच्या नावानं काढून ठेवली होती. ती टाकायची, म्हणजे टाकायचा प्रयत्न करायची, आणि तो तिचा हात, तिचं मनगट, तिची बोटं डोळ्यांत तेल घालून बघत राहायचा. कुठे अडतं ते सापडलं की उघडतं, हा त्याचा लिफ्टवाला हिशोब.

असंच एका रविवारी मामा स्वतः टाकत होता. हात मागे गेला, पुढे आला, आणि पुन्हा मागे गेला.

"काय रे?"

"डोळ्यासमोर चिलट आलं."

पुढच्या रविवारी खांदा भरून आला होता. त्याच्या पुढच्या रविवारी बल्ब बदलायचा होता आणि त्या बल्बनं सगळी सकाळ खाल्ली. सुई शिडी धरून उभी होती. वर मामाच्या बोटांत स्क्रू, पेचकस, वायर सगळं कसं लोण्यासारखं चालत होतं.

"मामा, खाली ये आणि एक टाकून दाखव."

"म्हातारा झालो गं आता."

"माझ्याकडे बघून सांग."

तो बल्बकडे बघत राहिला.

सुई निघाली तशी मामी तिच्यामागून फाटकापर्यंत आली. हातात पुसायचं फडकं होतं, ते ती उगाच पिळत होती. "क्लबात जायचा बंद झालाय तो," मामी म्हणाली. "त्यांना सांगतो ड्यूटी आहे. कसली ड्यूटी? घरात बसून असतो. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं काही मागितलं नाही गं, ते एक क्लबातलं खेळणं सोडून."

सुईनं फाटकाची कडी काढली आणि पुन्हा लावली.

"तुझ्यामुळे झालं असं तो मेला तरी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही," मामी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "पण थोडे दिवस येऊ नकोस, पोरी. त्याला बरं वाटेपर्यंत."

त्यानंतर सुई मामाकडे गेली नाही. आईनं कारण विचारलं, तेव्हा "सामने आहेत" म्हणाली. सामने होतेही. उरलेले सगळे ती एकटी खेळली आणि हरली. शेवटच्या सामन्यात समोरचा पोरगा तिच्याहून लहान होता. तो इतका घाबरला होता की ती बाण घेऊन उभी राहिली की डोळे गच्च मिटायचा. तिलाच त्याची दया आली. परवाना संपला त्या दिवशी कुणाचा फोन आला नाही. पुढच्या यादीत तिचं नाव नव्हतं, एवढंच.

ती लाँड्रीत गेली. मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही, कपाटातून एप्रन काढून दिला. नव्या लागलेल्या एका मुलीनं चादरीचं दुसरं टोक धरता धरता विचारलं, "टीव्हीवर आलेली ती तूच ना? मग जिंकलीस का?"

"नाही," सुई म्हणाली. "झटका नीट दे, सुरकुती राहतेय."

मामाला काही बरं वाटलं नाही. क्लबवाल्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. आईकडे तो अधूनमधून यायचा. दाताच्या दुखण्यापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर बोलायचा, आणि सुई समोर असली की जरा जास्तच बोलायचा. एका संध्याकाळी ती त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ बस आली नाही आणि त्याचे विषय संपले.

"सुटतो का रे?" तिनं विचारलं.

"एकटा असताना बघतो कधीकधी," मामा म्हणाला. "नाही सुटत. तुझा?"

"मी बघतच नाही आता."

मामानं मान हलवली. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता, ते अर्ध्यावर अडकलं होतं. दोघंही तिकडे बघत राहिली.

"माझ्यामुळे झालं ना?"

"गप," मामा म्हणाला. पण नाही असं तो म्हणाला नाही, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"येऊ का रविवारी? नुसती."

"मामीला विचारतो," मामा म्हणाला.

तेवढ्यात बस आली. खचाखच भरलेली होती. तो दारातल्या पायरीवर कसाबसा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती म्हणून सुई लगेच मागे वळली.