गोदामावशीची खीर मी अडवली तेव्हा

“मले खीर दे म्हनलं ना, मेल्या!” शेजारच्या गोदामावशीचा हा आवाज दुर्ग स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्यांनाही ऐकू गेला असेल.

बुद्धपौर्णिमा होती. खुर्सीपारच्या विहारासमोर खीरदान चाललेलं आणि पळी माझ्या हातात. गंज एवढा मोठा की त्यात हत्ती पोहला असता. चव पाहायच्या निमित्तानं चार वाट्या मीच रिचवल्या होत्या. पण मावशीला साखरेची बीमारी. मी अडून बसलो. “मावशी, तुह्या भल्यासाठीच नाही म्हनून राहिलो!” आदल्या रविवारी विहारात मी करुणेवर तासभर बोललो होतो, ऐकणारे दहा मिनिटं म्हणतात. सगळी रांग माझ्या बाजूनं. आपल्याएवढा दयाळू माणूस तेव्हाच्या अख्ख्या मध्यप्रदेशात नाही, असंच वाटत होतं मला.

मावशी शिव्या देत राहिली. मग मधेच तिची जीभ अडखळली. कपाळावर घामाच्या धारा, हात थरथरलेले, आणि ती खांबाला टेकून खालीच बसली. “नाटक करून राहिली,” मी हसून म्हणालो. हे लिहिताना आजही हात थांबतो.

रांगेतून पांढऱ्या साडीतली एक बाई पुढे आली. ड्यूटीवरून परतणारी केरळची नर्स, जाता जाता खिरीसाठी थांबलेली. “अम्मा, सुई लिया? खाना खाया?” पहिल्याला मावशीनं मान डोलावली, दुसऱ्याला नाही म्हणाली. साखर उतरवायची सुई सकाळीच टोचलेली आणि वंदनेपायी पोट रिकामं. रक्तातली साखर पार तळाला गेली होती. नर्सनं माझ्या हातून पळी हिसकावली, वाटी भरली, घोट घोट पाजली. “थोड़ा और देर होता, तो अम्मा गया था,” ती मला म्हणाली.

पोलाद कारखान्यात भट्टीच्या धगीत वर्षं काढलेला मी, भर वैशाखात गारठलो.

त्या बाईला नंतर कारखान्याच्या वसाहतीतल्या सगळ्या सेक्टरांत शोधलं, सापडली नाही. चमत्कार म्हणणार नाही. आमच्या धम्मात ते बसत नाही. पण वंदनेला वाकताना माझा शहाणपणा आधी खाली ठेवतो, मग तिला नमन करतो.

त्या दिवशी अर्ध्या तासानं मावशी सावरली. मी तिचे पाय धरले. “मावशी, उपाशी हाय म्हनून सांगतलं कावून नाही?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “तू इचारलं कुठं?”