आंबट असेल तर बाटली

आमच्या गच्चीवर कुणी बरणीचं झाकण उघडलं की लोणच्याबरोबर एक किस्साही बाहेर येतो. दोन वर्षांत इतके साठलेत की बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की आम्ही आधी त्याला चमचाभर लोणचं देतो. तोंड भरलेलं असलं की माणूस मधे बोलत नाही!

आमचा ग्रुप तिघांचा. मी साताऱ्याची, इथं तमिळ मुलखात शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. निखिल नागपूरचा, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर. आणि पहिल्या मजल्यावरच्या सरोजा अक्का, तंजावरच्या मराठी, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचं मराठी ऐकलं की जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं.

पेरुंगुडीतल्या आमच्या गच्चीवर कुंड्या लावायची आयडिया माझी. पिकवलेलं टिकवायचं कसं, हे मात्र तिघांतल्या एकीलाच माहीत होतं!

*

पहिल्या फेब्रुवारीत सगळे टोमॅटो एकदम पिकले. खाऊन संपेनात, वाटून संपेनात. मी व्हिडिओ बघून सॉस केला आणि उकळता उकळता थंडगार बाटलीत ओतला.

फाट्! बाटली तडकली. ओटा लाल, भिंत लाल, मी रडवेली.

आवाज ऐकून अक्का वर आल्या. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, बाटलीला आधी गरम पाण्यानं न्हाऊ घाल, मग जेवूं घाल! पाहुण्यालाही आपण तसंच करतों ना?"

त्या दिवसापासून माझी एकही बाटली फुटलेली नाही.

*

दुसऱ्या खेपेला सगळं नीट केलं. बाटल्या उकळून घेतल्या, सॉसमध्ये लिंबाचा रस घातला, झाकणं लावून भरलेल्या बाटल्या परत उकळत्या पाण्यात ठेवल्या. मग सहाही बाटल्या बाहेर काढून आम्ही तिघं वाट बघत बसलो. बाटली निवताना झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज येतो. तो आला की बाटली हवाबंद झाली.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते आणि मीटिंग चालू होती. मॅनेजर पुढच्या तिमाहीचं टार्गेट सांगत होते. पहिलं टक् आलं. दुसरं आलं. सहावं आलं आणि निखिलनं आरोळी ठोकली, "झाऽऽलं!" अक्कांनी टाळ्या वाजवल्या, मी शिट्टी मारली.

माझा माईक चालूच होता.

मग मॅनेजर गहिवरून म्हणाले, "थँक यू! या टार्गेटचं एवढं स्वागत होईल असं मला वाटलं नव्हतं."

*

त्यानंतर निखिलच्या अंगात वारं शिरलं. बाटलीच्या तोंडाशी किती जागा मोकळी सोडायची, हे तो व्हर्नियर कॅलिपरनं मोजायचा. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर आणि 'क्यूसी पास्ड' असं लेबल!

त्याच भरात त्यानं बीन्स नुसत्या मिठाच्या पाण्यात घालून सहा बाटल्या भरल्या. अक्कांनी बघितलं आणि एकदम गंभीर झाल्या.

"हें ओत."

"अक्का, अर्धा तास उकळलंय! प्रोसेस सेम आहे."

"टोमॅटो आंबट, म्हणून राहातो. बीन्स आंबट नाहींत. नुसत्या उकळण्यानं त्यातलं विषाचं बीज मरत नाहीं, वासही येत नाहीं. आंबट असेल तर बाटली, नसेल तर ऊन! सरि? कळलं ना?"

त्यांनी पाच बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. निखिल चिडला, दोन दिवस बोलला नाही. सहावी त्यानं लपवली होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दहाव्या दिवशी तो जिन्यावरून आला तो हात लांब करून. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, तिचं झाकण पुरीसारखं फुगलेलं.

"अक्का, हे कुठं टाकू?"

अक्कांनी लांबूनच लेबल वाचलं. "पास झालेली दिसतें!"

*

मग सेक्रेटरींची नोटीस लागली. सेल्वम सर कडक माणूस. 'गच्ची सामायिक आहे. खाद्यपदार्थ वाळवू नयेत.' तेव्हा वर अक्कांच्या मिठातल्या कैऱ्या उन्हात होत्या.

निखिल भांडायला निघाला. अक्का म्हणाल्या, "तूं बस." दहीभात आणि कैरीची एक फोड घेऊन त्या एकट्याच गेल्या. दहा मिनिटांत परतल्या. काय बोलणं झालं, ते सांगितलं नाही.

सोमवारी नवी नोटीस: 'सकाळी नऊ ते चार गच्ची लोणच्यासाठी राखीव. रहिवाशांनी कपडे इतरत्र वाळवावेत!'

*

आणि मग डिसेंबरातलं ते वादळ.

तीन दिवस वीज नव्हती. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. दूध नाही, भाजी नाही, बावीस घरांच्या फ्रिजमधलं सगळं नासलं. घरोघरी होता तो तांदूळ आणि गॅस.

अक्कांनी दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मोठं पातेलं मांडलं आणि म्हणाल्या, "जितक्या बाटल्या असतील तितक्या आणा."

माझ्याकडे लिंबाच्या लोणच्याच्या पाच बाटल्या होत्या. कुणालाही न विचारता, एकटीनं केलेल्या पहिल्या. साताऱ्याला आईला दाखवायच्या म्हणून ठेवलेल्या. कपाटासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मग पाचही घेऊन खाली गेले.

तीन दिवस पंगत बसली. टोमॅटोचा तोक्कू म्हणजे तेलात आटवलेली तिखट चटणी, कैरी, लिंबू, वाळवून तळलेली गवार. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी माझं लोणचं दोनदा मागून घेतलं, आणि बाहेर एवढं पाणी असताना मला चक्क आनंद झाला!

तिसऱ्या दुपारी बचाव पथकाची बोट आली. तिघं जण, भिजून गारठलेले. एकानं खालून हाक मारली, "अम्मा, जेवणाची पाकिटं किती हवीत?"

अक्का बाल्कनीतून वाकल्या. "तुम्ही जेवलात का?"

तिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

निखिलनं दोरीला बादली बांधली. वाफाळता भात, तोक्कू, माझं लोणचं. बादली खाली गेली, बोट पार्किंगच्या कठड्याला लागली. तिघं बोटीतच जेवायला बसले.

तेवढ्यात त्यांचा वायरलेस खरखरला. त्यांच्यातल्या थोरल्यानं डाव्या हातानं तो उचलला आणि तमिळमध्ये म्हणाला, "हो सर, पोचलो. नाही सर, इथं पाकिटं नकोत. सगळे सुखरूप आहेत. आम्हालाच निघायला जरा वेळ लागेल सर... दुसरा भात येतोय."