गावासकट नाव

रोज सकाळी अंगण झाडताना बेबीनंदाबाई नावं म्हणायच्या. आदल्या कार्यक्रमात ज्यांनी पुढं येऊन नोट दिली त्यांची, गावासकट. मंठ्याच्या आसपास भीमजयंतीला त्यांची गायन पार्टी असायची. कुणी नोट घेऊन आलं की गाणं मध्येच थांबवायचं, माइकवर देणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग पुढचं कडवं. नोट पेटीवर पडून राहायची. बाईंच्या ध्यानात राहायचं ते नाव.

त्यांची भाची पायल हिनं बँड काढला आणि आत्यालाच गायला घेतलं.

"बँड? मंग नवरदेव कुठंय?" बाई म्हणाल्या. पण गिटारशेजारी त्या अशा उभ्या राहिल्या, जणू ते घरातलंच वाद्य.

नव्या बँडसाठीच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या शेवटच्या फेरीला त्यांना दिल्लीला बोलावणं आलं. एक नियम कडक होता. दिलेल्या वेळेत गाणं संपलं नाही, तर बँड बाद.

"आत्या, तिथं कुणी नोट देत न्हाई. थांबायचं बिलकुल न्हाई."

"न्हाई थांबत, माय."

दिल्लीत त्यांचा आवाज असा लागला की परीक्षक लिहायचं विसरले. शेवटचं कडवं उरलं होतं. तेवढ्यात सभागृहात खुर्च्या लावणारा एक माणूस मंचापाशी आला आणि त्यानं नोट वर धरली. बाईंनी हात केला. बाईंच्या जुन्या पार्टीतल्या राजानंदची ढोलकी सवयीनं थांबली.

"नाम क्या, भैया? गाँव?"

त्यानं लाजत सांगितलं.

"हापुडचे राधेश्यामजी यांच्याकडून सप्रेम भेट. आभारी आहोत!"

"आत्या, घड्याळ!" पायल कळवळून म्हणाली.

दोन ओळी उरल्या असताना लाल दिवा लागला. पुरस्कार दुसऱ्यांना गेला.

परतीच्या गाडीत मनमाड आलं तेव्हा पायल आत्याकडं वळली. मग म्हणाली, "शब्द दिल्ता ना तू?"

"दिल्ता. चुकलंच माझं. पण माणूस उठून पुढं आल्ता, पायल. त्याच्याकडं न बघता गायला मला न्हाई येत."

पुढच्या वर्षी पायलनं पुन्हा भाग घेतला. या खेपेला गाण्यातलं एक कडवं तिनं आधीच कमी केलं. "कुणी आलंच पुढं, तर जागा असू दे," ती राजानंदला म्हणाली.

त्या फेरीला बाई नव्हत्या. हिवाळ्यातच गेल्या, जालन्याच्या दवाखान्यात. शेवटच्या संध्याकाळी एका नव्या नर्सनं त्यांची उशी सरळ केली, चमच्यानं पाणी पाजलं. ती वळणार, तोच बाईंनी तिचं मनगट धरलं.

"नाव काय गं बाई तुझं? गावासकट सांग."