फळीवरचा जुना दर

मी दुकानातून खोबरेल तेल विकत आणलं.

माझ्या परसात अठरा माड आहेत. पडवीत सुक्या खोबऱ्याची पोती. घाण्यावरून काढून आणलेल्या तेलाचा डबा स्वयंपाकघरात, झाकणापर्यंत भरलेला. आणि मी मालवणातून तेलाच्या तीन बाटल्या घेऊन घरी आलो, कारण पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं — दोनावर एक फुकट.

हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीच रंगवून सांगतो. ठाऊक नाही ते त्याच्या पुढचं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — भावाला नाही, देवळात नाही, मनातल्या मनातसुद्धा नीट शब्दांत नाही. तेलाचा किस्सा मी इतका घोळून सांगतो तो कदाचित त्यासाठीच. लोक हसतात, आणि हसणारा माणूस पुढचं विचारत नाही. तुम्हीही हसला असाल तर हसून घ्या.

माझी बायको शुभांगी हसली नाही. तिने तिन्ही बाटल्या ओट्यावर मांडल्या, चष्मा लावला आणि त्यांच्या पाठी वाचल्या. मग म्हणाली, "ह्या तीन बाटल्यांत मिळान जेवढां त्याल आसा, तेवढां त्यांच्या एका मोठ्या बाटलेत गावता. आणि ती सवाय." सवाय म्हणजे स्वस्त. तिला हे कसं कळलं? गेल्या खेपेला ती माझ्याबरोबर साबण घ्यायला आली होती, तेव्हा मोठ्या बाटलीवर तिची नजर गेली होती. नुसती गेली होती — आणि आकडा राहिला होता.

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून. पण वाडीत माझी किंमत कचेरीमुळे नव्हती, मासळीबाजारामुळे होती. आमच्याकडे मासळी वाट्यावर घेतात — फळीवर बांगड्यांचा ढीग, ना वजन ना पाटी, कोळीण सांगेल तो दर. तो दर अर्ध्यावर आणायचा मी. उठून चालू लागायचं कधी, मागून हाक येईपर्यंत मान वळवायची नाही कशी — ही माझी विद्या. कुणाच्या घरी पाहुणे आले की सकाळी माझ्या नावाने हाक यायची. भाऊनू, जरा बाजारात येतास? मी पायात चपला घालूनच बसलेलो असायचो.

मग हे मोठं दुकान आलं. आम्ही त्याला मॉल म्हणतो. मुंबईची माणसं हसतात. थंडगार हवा, चाकांची गाडी, आणि प्रत्येक फळीच्या कडेला छापलेला दर. पहिल्याच दिवशी मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, शेवटचं काय ते सांग. ती म्हणाली, "काकानू, दर माका बदलूक येणा नाय. मशीन सांगता." मी पाठ फिरवून चालू लागलो — माझी ती जुनी चाल. दारापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. सामान तसंच काउंटरवर, मागे रांग, आणि मी काचेच्या दारापाशी मान न वळवता उभा. शेवटी दारावरच्या रखवालदाराने विचारलं, काय हरवलंय का.

त्या दिवसापासून मी छापलेल्या आकड्यापुढे शरण गेलो. माणूस खोटं बोलतो, हे मला माहीत होतं. छापील पाटी कशी बोलेल?

शुभांगीला ते माहीत होतं. कुठून? देव जाणे. पस्तीस वर्षं ही बाई माझ्या मागून पिशवी धरून बाजारात यायची आणि तोंड उघडायची नाही. त्या दुकानात तिचं तोंड उघडलं. पिवळ्या पाटीवर जुना दर खोडून नवा लिहिलेला असला की ती सांगायची — गेल्या सोमवारीही हाच होता, मग हा खोडलेला आकडा आला कुठून? पुडा तोच, चित्र तेच, पण आतला माल पन्नास ग्रॅमने उतरलेला, हे ती हातात घेऊन सांगे. छापील किमतीवर चिकटवलेली दुसरी चिठ्ठी नखाने उचलून बघे. आणि मुख्य म्हणजे फळीवरचा दर डोक्यात ठेवून काउंटरवर पडद्याकडे बघत राही. मशीनने जास्त लावले की एकच शब्द — थांब. तीनदा तिथल्या मॅनेजरला तिने पैसे परत करायला लावले होते. आवाज न चढवता. मासळीबाजारात माझा आवाज जेटीपर्यंत जायचा.

शेजारची फिलोमिना तिच्याबरोबर जाऊ लागली. मग आणखी दोघी. मग चतुर्थीच्या सामानाला अर्धी वाडी. बायका आमच्या पडवीत बिलं घेऊन बसायच्या आणि शुभांगी बोट ठेवून दाखवायची — हे बघ, हा साबण दोनदा लावलाय. मी आतून चहा आणून द्यायचो. हो, मीच. सकाळी फाटकातून हाक यायची, मी चपला शोधायचो — आणि कळायचं, हाक वैनीसाठी होती. एकदा जत्रेत एकाने माझी ओळख करून दिली: हो शुभावैनीचो घोव. म्हणजे, हा शुभावैनीचा नवरा. त्यात वाईट काय होतं? काही नाही. मी त्या रात्री जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो, आणि तिने मला ओवा दिला.

मत्सर हा शब्द मोठा वाटतो, नाही? मला तेव्हा तो सुचलाही नव्हता. मला वाटायचं मला तिची काळजी वाटते. चारचौघांत भांडते, उद्या कुणी अपमान केला तर — असली काळजी. आणि ती काळजी करता करता मी त्या अपमानाची वाट बघायला लागलो. आला नाही. म्हणून —

म्हणून मी तो आणला.

गाडी ढकलत तिच्या मागे फिरताना मला एक गोष्ट दिसली होती. तिला दिसली नव्हती, ही माझी एकुलती एक मिळकत. फळीच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यात दराचं कार्ड सरकवतात. दर वाढला की काही ठिकाणी जुनं काढत नाहीत. नवं त्याच्या पुढ्यात सारतात. आम्ही घेतो त्या चहाच्या पुड्याखाली दोनशे साठचं कार्ड होतं, आणि त्याच्या मागे, तेच नाव, तेच वजन — दोनशे पस्तीस.

शुभांगी तांदळाच्या फळीपाशी फिलोमिनाशी बोलत होती. मी जुनं कार्ड पुढे घेतलं.

हात आपोआप गेला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. हात आपोआप गेला नाही. आधीच्या खेपेला मी कार्ड ढिलं आहे की घट्ट, ते बघून ठेवलं होतं.

ती आली, दर वाचला, पुडा गाडीत टाकला. काउंटरवर पडद्यावर दोनशे साठ उमटले. ती म्हणाली, थांब. मुलीने मॅनेजरला बोलावलं. तो आतून यायला वेळ लागणार, म्हणून शुभांगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही जरा बघून येवा." विश्वासाने. दुसऱ्या कुणाला पाठवणार होती ती?

मी गेलो. जुनं कार्ड काढून शर्टाच्या खिशात घातलं. परत आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दोनशे साठच आसा गो."

मॅनेजर तिला घेऊन फळीपाशी गेला. आम्ही सगळे मागून. ती वाकली. कार्डाला बोट लावून तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला. कार्ड किंचित पुढे ओढून मागेही पाहिलं — म्हणजे तिच्या मनात आलं होतं. मागे काही नव्हतं. ते माझ्या खिशात होतं, छातीवर. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "काकी, आज चष्मा घरी राहिला वाटतं." चष्मा तिच्या नाकावर होता. रांगेतली माणसं हसली. तिने दोनशे साठ दिले.

आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — खूप दिवसांनी वाटा अर्ध्यात मिळाल्यासारखं वाटलं. रिक्षात ती बिल पुन्हा पुन्हा बघत होती आणि मी गाणं गुणगुणत होतो. कार्ड मी स्टँडमागच्या गटारात टाकलं.

इथे थांबलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. नवरे याहून हलकट गोष्टी करतात आणि विसरतात. पण आठवड्याने ती म्हणाली, डोळे तपासून घेऊया. कणकवलीला मीच नेलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचत गेली, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होतो. डॉक्टर म्हणाले, नंबर होता तोच आहे, नजर उत्तम. मला हायसं वाटलं. तिचा चेहरा उतरला.

का उतरला, हे मला बाहेर येऊनही कळलं नाही. तुम्हाला कळलं का? डोळे बरे आहेत — मग बिघडलंय काय?

तिची आई शेवटची पाच वर्षं आचऱ्याला, हिच्या माहेरी, सगळं विसरून बसली होती. पोटच्या लेकीला विचारायची, तू खंयची गो — कुठली तू? ही दर खेपेला समोर बसून आपलं नाव सांगायची.

महिनाभराने, दुपारी, पडवीत कोकमं फोडायला बसलो होतो. तिचे हात लाल झालेले. मान वर न करता तिने विचारलं, "खरां सांगा. माझां आयेसारखां होतलां काय?"

एक वाक्य पुरलं असतं. कार्ड मी काढलं — एवढंच. ते ओठांपर्यंत आलं होतं का? नाही. मी म्हणालो, "वय झालां गो. होतां तसां."

कार्डाचं मी एकदा केलं. हे मी तिच्या तोंडावर केलं, तिने मला विचारलेलं असताना.

त्यानंतर ती त्या दुकानात गेली नाही. बायका बिलं घेऊन यायच्या, तर ती हात मागे घ्यायची, माझां काय खरां नाय, दुसऱ्या कुणाक दाखव, म्हणायची. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. आता ती गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. देवळातल्या हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं ते कागदावर लिहिते आणि तो कागद मला वाचून दाखवायला लावते. चार वर्षं झाली, तिने एकही गोष्ट विसरलेली मला आठवत नाही. तिला हे सांगतो का? नाही. पहिल्या वर्षी तर मी खुशीत होतो. सकाळच्या हाका पुन्हा माझ्या नावाने येऊ लागल्या होत्या. त्या मला हव्या होत्या. त्यांच्यासाठी तिची भीती मी चालू दिली. नंतर हाका कमी झाल्या, बांगडे पण कमी झाले. तरीही बोललो नाही.

गेल्या महिन्यात मी एकटाच त्या दुकानातून सामान घेऊन निघालो. रिक्षात फिलोमिना भेटली. तिने न विचारता माझ्या हातातलं बिल घेतलं, वरून खाली बोट फिरवलं — अगदी शुभांगीसारखं बोट — आणि सांगितलं की डाळीला फळीवरच्यापेक्षा अठरा जास्त लावलेत आणि पिशवीचे पैसे दोनदा घेतलेत. वैनीनेच शिकवलं मला हे, म्हणाली. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, ती का येत नाही आता? मी म्हटलं, तिला कंटाळा आला. तिला ते पटलं नाही, तेव्हा आणखी एक खोटं बोललो — त्या चहाच्या दिवसापासून मीच तिला सांगितलं, वयाला शोभत नाही, सोड ते.

फिलोमिनाने बिलाची घडी केली, माझ्या खिशात कोंबली आणि बाहेर बघत म्हणाली, "भाऊनू, तुमका बिल वाचूक येणा नाय, आणि जिका येता तिका तुम्ही घराक बसवलास."