घोंगडीवरचा दाणा

आमचा बाप भारी हट्टी होता. मीही त्याचीच लेक, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार! ताम्हिणीच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा. थोडी घरं, पुष्कळ म्हशी, आणि पाऊस असा की कपडे चुलीवर धरून वाळवायचे. खाली गावातल्या देवळात शाळा भरायची. गुरुजी एकच, सगळे वर्ग त्यांच्याच गळ्यात. वाड्यावरून शाळेत जाणारी पोरगी मी एकटीच. गावातली शेतकऱ्यांची पोरं मला "ए डोंगरी" म्हणायची, मी दगड उचलून दाखवायची, असं आमचं बरं चाललं होतं.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी चौथीत होते. गुरुजींनी पुण्याहून गोष्टींच्या पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आणली. जुनी, कुणाकुणाकडून मागून आणलेली पुस्तकं, पण आत रंगीत चित्रं! मला तर याडच लागलं. म्हशी राखताना मी त्या गोष्टी म्हशींना सांगायची.

हे बापाच्या कानावर गेलं आणि बिघडलं. भातकापणी उरकल्यावर एका शनिवारी लोणी विकायला खाली आला, तो सरळ देवळात. पोरीला घरी न्यायची, म्हशींमागं माणूस कमी पडतंय, म्हणाला. गुरुजींनी त्याला बसवलं आणि एक पुस्तक हातात दिलं. बापाला अक्षर येत नव्हतं. त्यानं एकेक चित्र नीट बघितलं.

"गुरुजी, ह्यात आमच्यातलं कोन हाय?"

"तुमच्यातलं म्हणजे, मामा?"

"डोंगरातलं. हितं तर समदी बूट घातल्याली हायेत. असलं बघून बघून पोरीला घरची लाज वाटाय लागंल."

"असं कसं? एवढी पेटीभर पुस्तकं आहेत, कुणीतरी असणारच की."

"मग दावा. येक जरी आमच्यातला निगाला तर ऱ्हाऊ द्या पोरीला. न्हाईतर आजच नेतो."

बाप बोलला की बोलला, ते मला ठाऊक होतं.

देवळासमोर कुणाचं तरी भात वाळत पडलं होतं. गुरुजींनी त्यातलं सूपभर आणवलं. पुस्तकं आम्हा पोरांत वाटली. चित्रातल्या प्रत्येक माणसावर एक दाणा ठेवायचा, आणि मग तो माणूस जिथला असेल त्या ढिगात तो दाणा टाकायचा. एक ढीग शहरातल्यांचा, एक गावातल्यांचा, एक डोंगरातल्यांचा. आता म्हणे शिकलेली माणसं मुलांच्या पुस्तकांची अशीच मोजदाद करतात, कोण किती दिसतं त्याची. करा बाबांनो, जरूर करा. आम्ही ती देवळाच्या फरशीवर केली.

शहराचा ढीग बघता बघता वाढला. गावातल्या पोरांना वाटलं होतं की आपलाही तेवढाच होईल. कसलं काय! एक नांगरवाला, एक पाणी भरणारी, आणखी दोघंतिघं, संपलं. त्यांची तोंडं एवढीशी झाली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची कीव आली. आमची जागा तर रिकामीच होती. मी पानं उलटत होते आणि डोळे पुसत होते.

तेवढ्यात एक पोरगं ओरडलं, "सापडला! घोंगडीवाला सापडला!"

खरंच की! झाडाआड एक माणूस, अंगावर काळी घोंगडी, हातात काठी. आमच्या चुलत्यासारखा अगदी. मी झडप घालून त्याच्यावर दाणा ठेवला आणि उचलून आमच्या जागी टाकला. बाप मोठ्यानं म्हणाला, "लाभ!" खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडं एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि लाभ म्हटलेलं माप कुणी माघारी घेत नाही. मी नाचायचीच बाकी होते.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं आणि चित्राखालची ओळ वाचली. मग वाकून तो दाणा त्यांनी उचलला.

"अवो, का काडला?" बाप म्हणाला.

"मामा, हा धनगर नाही. चोर आहे. लपायला घोंगडी पांघरलीय त्यानं." गुरुजींचा आवाज पडला होता. "तुमचं खरं निघालं. पेटी संपली, तुमच्यातलं यात कुणी नाही."

मला गुरुजींचा इतका राग आला! गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? कोण बघायला आलं होतं? पुढं मीही जन्मभर शाळेत शिकवलं, पण त्या एका दाण्याइतका खरेपणा मला रोज जमला असं काही नाही. गुरुजींचे उपकार फेडायचं मी मनातही आणत नाही. फिटूच नयेत.

बाप उठला. माझं दप्तर उचललं, थोडा वेळ धरून उभा राहिला, आणि माझ्याच मांडीवर ठेवलं.

"मला कुटं वाचाय येतं, गुरुजी? तुमी खोटं बोलला असता तर मी खरंच मानलं असतं," तो म्हणाला. "हितं खाली लोन्याचं माप कुनी सरळ करंना. तुमी सोताच्या इरुद्ध केलं. पोरगी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

मग माझ्याकडं वळला. "आन तू, बाय, नीट शीक. घोंगडीवाला दिसला की त्याच्याखाली काय लिवलंय, ते मला तू सांगायचं."